बेचिराख गावाचा इतिहास कसा लावावा: गॅलिलीतल्या सफ्फूरियाच्या आधारे

नाझरेथच्या वायव्येला सुमारे सहा किलोमीटरवर एक टेकडी आहे. आज तिथे झिपोरी राष्ट्रीय उद्यान आहे. रोमन नाट्यगृह, मोझेइकच्या फरशा आणि चाकोऱ्या पडलेले दगडी रस्ते बघायला लोक येतात. याच टेकडीवर आणि तिच्या उतारांवर जुलै १९४८ पर्यंत, म्हणजे पहिल्या अरब-इस्रायली युद्धात ते ओस पडेपर्यंत, सफ्फूरिया हे पॅलेस्टिनी गाव नांदत होतं. १९४५ च्या ब्रिटिश आकडेवारीत गावाची लोकसंख्या ४,३३० आहे आणि जमीन ५५,३७८ दुनम (एक दुनम म्हणजे १,००० चौरस मीटर). गॅलिलीतल्या सर्वांत मोठ्या गावांत त्याची गणना होई.

अशा गावाचा इतिहास लावायला बसलं की पुरावा कमी पडत नाही. अडचण अशी, की तो दोन वेगळ्या कपाटांत ठेवलेला असतो. एका कपाटात उत्खननाचे अहवाल असतात. ते रोमन आणि बायझंटाइन काळात रमतात आणि पुढे आखडते होतात. दुसऱ्यात १९४८ ची लष्करी कागदपत्रं आणि निर्वासितांच्या मुलाखती असतात. गावकऱ्यांच्या पिढ्या जिथे जगल्या ती मधली शतकं दोन्हीकडे पातळ पडतात. याला एक कायदेशीर कारणही आहे. इस्रायलच्या १९७८ च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तूची मर्यादा इ.स. १७०० अशी आहे आणि ती ब्रिटिशांच्या १९२९ च्या अध्यादेशापासून चालत आली आहे. त्यानंतरची वस्तू खास घोषित केली तरच कायद्याखाली येते. म्हणजे १८५० च्या घराची भिंत उत्खननात वाटेत आली तर ती जपायची सक्ती आपोआप लागू होत नाही. म्हणून १७०० ते १९४८ हा तुकडा मुद्दाम, वेगळ्या साधनांनी भरावा लागतो. खालची पद्धत त्यासाठी आहे. उदाहरण सफ्फूरियाचं घेतलं असलं तरी प्राचीन स्थळावर वसलेल्या इतर बेचिराख गावांनाही ती लागू पडते.

आधी नावांची यादी आणि जागेचा आकडा

कोणतंही कागदपत्र उघडण्याआधी गावाच्या नावाची सगळी रूपं एका कागदावर लिहून काढा. सफ्फूरियासाठी ती अशी: अरबीत सफ्फूरिया, ग्रीक लेखनात सेफोरिस, हिब्रूत त्सिपोरी (पाट्यांवर झिपोरी), रोमन सम्राट हेड्रियनच्या काळापासून डायोकैसरिया, क्रुसेडरांच्या (मध्ययुगातल्या युरोपीय धर्मयोद्ध्यांच्या) लिखाणात ला सफोरी, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी नकाशांवर सेफ्फूरिये. ही यादी नसेल तर अर्धे संदर्भ शोधात सापडतच नाहीत. नावसाधर्म्याचे धोकेही तिथेच नोंदवा. वरच्या गॅलिलीतलं साफसाफ हे वेगळं गाव आहे. लेबनॉनमधल्या ऐन अल-हिल्वे छावणीत दोन्ही गावांचे लोक आहेत, त्यामुळे मुलाखतींच्या सूचीत ही नावं हमखास एकमेकांत मिसळतात.

नावापेक्षा भरवशाचा असतो तो जाळीचा आकडा. ब्रिटिशांनी १९२३ मध्ये आखलेल्या पॅलेस्टाइन ग्रिडवर सफ्फूरिया १७६/२३९ वर येतं. पहिला आकडा पूर्वेकडचे किलोमीटर, दुसरा उत्तरेकडचे. गाझाजवळच्या मुंतार टेकडीला १००/१०० मानून ही जाळी मोजली आहे. उत्खननाचे अहवाल, सर्वेक्षणं आणि गावांच्या सूच्या बहुतेक हाच आकडा देतात, त्यामुळे नाव कसंही लिहिलेलं असो, आकडा जुळला की गाव तेच.

क्यूजीआयएससारख्या नकाशे हाताळणाऱ्या मोफत संगणक-प्रणालीत हा बिंदू टाकायचा असेल तर प्रक्षेपणाचा संकेतांक ईपीएसजी २८१९१ निवडा आणि १७६०००, २३९००० असे मीटर भरा. दोन चुका इथे नेहमी होतात. पहिली, सहा अंकी आकडा एका चौरस किलोमीटरचा नैर्ऋत्य कोपरा दाखवतो, बिंदू नव्हे. प्रत्यक्ष गावठाण त्या चौकोनात कुठेही असू शकतं, म्हणून बिंदू पडला तिथेच गाव होतं असं धरू नका. दुसरी चूक म्हणजे नव्या इस्रायली जाळीचे आकडे (संकेतांक २०३९) जुन्या जाळीत भरणं. नव्या जाळीत पूर्वेच्या आकड्यात साधारण ५० आणि उत्तरेच्या आकड्यात ५०० किलोमीटर जास्त असतात, म्हणजे हेच ठिकाण तिथे २२६/७३९ च्या आसपास येतं. बिंदू भलत्याच ठिकाणी पडला तर आधी ही गल्लत तपासा.

प्राचीन थर: काय, कुणी, केव्हा उकरलं

प्राचीन काळाबद्दल लिहिणं सोपं आहे, म्हणूनच तिथे जास्त वाहवत जायला होतं. कालक्रम थोडक्यात असा. इ.स.पू. पहिल्या शतकात रोमन सुभेदार गॅबिनियसने इथे प्रादेशिक परिषदेचं ठाणं ठेवलं. इ.स.पू. ४ मध्ये ज्यूंचा राजा हेरोद वारला, बंड झालं आणि रोमन सुभेदार व्हॅरसच्या सैन्याने नगर उद्ध्वस्त केलं. हेरोदचा मुलगा हेरोद अँटिपसने ते पुन्हा बांधलं. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार योसेफस त्याला साऱ्या गॅलिलीचा अलंकार म्हणतो. इ.स. ६६ मध्ये सुरू झालेल्या ज्यू उठावात हे नगर रोमच्या बाजूने राहिलं आणि त्या वेळच्या त्याच्या नाण्यांवर ‘शांतिनगर’ अशी बिरुदावली आहे. इ.स. २०० च्या सुमाराला रब्बी येहूदा हा-नासी इथे राहत होता आणि मिश्नाच्या (ज्यू धर्मनियमांच्या संग्रहाच्या) संकलनाशी या गावाचं नाव जोडलं गेलं. ३६३ मध्ये मोठा भूकंप झाला. पाचव्या शतकातली नाईल उत्सवाची फरशी आणि राशिचक्राची फरशी असलेलं सिनेगॉग त्यानंतरचं आहे, म्हणजे भूकंपाने नगर संपलं हे विधान टिकत नाही.

इथे थांबू नका. उमय्या खलिफांच्या काळात (सातवं-आठवं शतक) सफ्फूरियाच्या टांकसाळीत तांब्याची नाणी पडत होती. जुलै ११८७ मध्ये क्रुसेडरांचं सैन्य इथल्याच झऱ्यांवर तळ ठोकून होतं. ३ जुलैला ते पाणी सोडून तिबेरियासच्या दिशेने निघालं आणि ४ जुलैला हत्तीन इथे सलाहुद्दीनने त्याचा पराभव केला. अठराव्या शतकात गॅलिलीचा स्थानिक सत्ताधीश झाहिर अल-उमरने टेकडीवरचा किल्ला दुरुस्त केला. या तीन नोंदी घेतल्या तरी ‘रोमन नगर गेलं आणि मग एकदम १९४८ आलं’ हा आराखडा मोडतो.

उत्खननांची यादी वेगळी ठेवा आणि प्रत्येक मोहिमेपुढे वर्ष लिहा. १९३१ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या लेरॉय वॉटरमनने खणलं तेव्हा गाव जिवंत होतं. १९८३ पासून साउथ फ्लोरिडा विद्यापीठाची, १९८५ पासून ड्यूक आणि हिब्रू विद्यापीठाची संयुक्त आणि १९९० पासून हिब्रू विद्यापीठाची मोहीम सुरू झाली तेव्हा गाव नव्हतं. हा फरक फार महत्त्वाचा आहे. १९३१ च्या छायाचित्रांत चराच्या कडेला उभी घरं दिसतात, त्यामुळे तो अहवाल गावाच्या इतिहासाचंही साधन ठरतो. १९८० नंतरच्या अहवालांत मात्र सर्वांत वरचा थर कसा हाताळला ते शोधावं लागतं. त्यासाठी अहवालाच्या शेवटाकडून वाचायला लागा. आधी थरांचा तक्ता बघा आणि ‘उस्मानी’ (ऑटोमन तुर्की काळातले), ‘अलीकडचे’, ‘आधुनिक व्यत्यय’ अशा नोंदी टिपा. मग मातीच्या भांड्यांची प्रकरणं आणि नाण्यांची यादी बघा. विहिरी, टाकी, चुलाणं आणि घरांचे पाये बहुतेक याच नोंदींत एकेका ओळीत उरकलेले असतात.

विवाद असेल तिथे एकच मत ठोकून देऊ नका. सुमारे ४,५०० आसनांचं नाट्यगृह अँटिपसच्या काळातलं की पहिल्या शतकाच्या अखेरचं, यावर उत्खननकर्त्यांतच दोन मतं आहेत.

एक भिंत नीट वाचा: टेकडीवरचा बुरूज

कागदपत्रांआधी एखादी इमारत पूर्ण वाचून काढणं हा या कामातला सर्वांत उपयोगी सराव आहे. सफ्फूरियात त्यासाठी टेकडीच्या माथ्यावरचा चौकोनी बुरूज आहे. त्याची बाजू सुमारे १५ मीटर आणि उंची सुमारे १० मीटर. माहितीपत्रकांत तो सरसकट क्रुसेडर किल्ला म्हणून येतो. पण खालून वर बघत जा.

तळाच्या थरांत घडीव प्राचीन दगड पुन्हा वापरले आहेत आणि त्यांत नक्षीदार रोमन शवपेटिका चिणल्या आहेत. शवपेटिका रोमन असली तरी भिंत रोमन ठरत नाही. वापरलेला दगड भिंतीच्या जुनेपणाची फक्त वरची मर्यादा सांगतो: भिंत त्या दगडापेक्षा जुनी असू शकत नाही, नवी कितीही असू शकते. वर गेलं की दगडांचा आकार आणि रचना बदलते. गोलसर कोपरे झाहिर अल-उमरच्या काळातल्या, गॅलिलीतल्याच शफा अम्र इथल्या बांधकामाशी जुळतात, आणि दरवाजा व वरचा भाग अठराव्या शतकातल्या दुरुस्तीचा मानला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वरच्या मजल्यावर गावची शाळा भरू लागली आणि ती १९४८ पर्यंत भरत होती. एका इमारतीत चार काळ आहेत आणि त्यांतला सर्वांत अलीकडचा, मुलं शिकत होती तो, पाटीवरून पहिल्यांदा गळतो. नोंदवहीत इमारतीला एकच तारीख देऊ नका. प्रत्येक टप्प्याला वेगळी ओळ द्या.

माणसं आणि जमीन मोजताना

सर्वांत जास्त चुका या भागात होतात, म्हणून इथे सावकाश जा.

उस्मानी करनोंदीत गावाची माणसं मोजलेली नसतात. करपात्र कुटुंबं (‘हाने’) आणि अविवाहित पुरुष (‘मुजर्रद’) मोजलेले असतात. अभ्यासक कुटुंबांच्या आकड्याला बहुधा ५ ने गुणून लोकसंख्येचा अंदाज काढतात. कुटुंबांचा मूळ आकडा आणि तुमचा गुणक दोन्ही लिहा, नुसता गुणाकार लिहू नका. शिवाय सफदच्या नोंदीबद्दल एक खास सावधगिरी हवी. ही नोंद हुटेरोथ आणि अब्दुलफत्ताह या अभ्यासकांनी १९७७ मध्ये १५९६ ची म्हणून प्रसिद्ध केली. दोनच वर्षांनी रोडे यांनी ती खरं तर १५४८-४९ ची असल्याचं दाखवलं. सफ्फूरिया सफद जिल्ह्यातच मोडत होतं, त्यामुळे ‘१५९६ साली’ असं छापलेलं दिसलं की पुढे शंकेची खूण करा. जवळजवळ पन्नास वर्षांचा हा फरक आहे.

ब्रिटिश काळात दोन खऱ्या जनगणना झाल्या. १९२२ च्या जनगणनेत सफ्फूरियात २,५८२ माणसं आहेत. १९३१ मध्ये ३,१४७ माणसं आणि ७४७ वसती घरं, म्हणजे घरामागे सुमारे ४.२ माणसं. नऊ वर्षांतली वाढ सुमारे २२ टक्के होते.

१९४५ चा ४,३३० हा आकडा जनगणनेचा नाही. तो जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून काढलेला १९४४ अखेरचा अंदाज आहे आणि दहाच्या पटीत गोल केला आहे (४,३२० मुस्लिम, १० ख्रिस्ती). काही ठिकाणी तो १९४४ म्हणून, काही ठिकाणी १९४५ म्हणून येतो. दोन्ही एकच आकडा आहे. इंटरनेटवर १९४८ साठी ५,०२३ असाही आकडा फिरतो. ४,३३० ला १.१६ ने गुणून बघा, तोच येतो. नैसर्गिक वाढ धरून केलेला तो हिशेब आहे. तो वापरायला हरकत नाही, पण ‘मोजलेली लोकसंख्या’ म्हणून छापू नका.

जमिनीत एककाचा सापळा आहे. मँडेट काळातला (ब्रिटिश अंमलातला) मेट्रिक दुनम १,००० चौरस मीटरचा, जुना तुर्की दुनम सुमारे ९१९ चौरस मीटरचा. १९२८ च्या आधीच्या कागदात कोणता दुनम आहे ते ठरवल्याशिवाय तुलना करू नका. १९४५ चे ५५,३७८ दुनम म्हणजे ५५.४ चौरस किलोमीटर, सुमारे १३,७०० एकर. हे संपूर्ण शिवार आहे. त्यात धान्याखाली २१,८४१ दुनम, बागायत आणि फळबागांखाली (मुख्यतः ऑलिव्ह) ५,३१० दुनम होते. गावठाण फक्त १०२ दुनम, म्हणजे २५ एकरांच्या आसपास. ‘गाव उद्यानात गेलं’ असं म्हणताना यांतलं नेमकं काय म्हणायचं आहे ते स्पष्ट करा. गावठाणाचा मोठा भाग उद्यानाच्या आवारात आहे. शिवारावर १९४९ पासून त्सिपोरी मोशाव (ज्यू शेतकऱ्यांची सहकारी वस्ती), सोलेलिम आणि नंतरच्या वसाहती आहेत.

मालकीचा शोध घ्यायचा असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या समझोता आयोगाने मँडेट काळातल्या कर आणि जमीन नोंदींवरून १९६४ पर्यंत तयार केलेली यादी हे मुख्य साधन आहे. त्यात खासगी कुटुंबांची नावं असतात. वारसांच्या परवानगीशिवाय ती प्रसिद्ध करू नका.

नकाशे एकावर एक ठेवणं

हे काम पुण्यात किंवा नागपुरात घरी बसून होऊ शकतं. किमान चार थर घ्या: १८७० च्या दशकात काँडर आणि किचनर यांनी केलेल्या पश्चिम पॅलेस्टाइन सर्वेक्षणाचा एक इंच एक मैल प्रमाणाचा नकाशा, १९४० च्या दशकातला ब्रिटिशांचा १:२०,००० नकाशा, १९४४-४५ मधली ब्रिटिश हवाई दलाची छायाचित्रं, आणि आजची उपग्रह प्रतिमा. ‘पॅलेस्टाइन ओपन मॅप्स’ या संकेतस्थळावर १९४० च्या दशकातले नकाशे आजच्या नकाशावर बसवलेलेच मिळतात. तिथूनच सुरुवात करा.

स्वतः नकाशा बसवत असाल तर न हललेल्या खुणा धरा. सफ्फूरियात त्या चार आहेत: माथ्यावरचा बुरूज, संत अ‍ॅनचं क्रुसेडर चर्च, टेकडीच्या पूर्वेकडचा प्राचीन भूमिगत जलाशय (लांबी सुमारे २६० मीटर, क्षमता सुमारे ४,३०० घनमीटर) आणि दक्षिणेचा अल-कस्तल झरा. रस्त्यांची वळणं खूण म्हणून धरू नका. १९४८ नंतर रस्ते बदलले आहेत आणि त्यांवर नकाशा ताणला की गावठाण शंभरेक मीटर सरकून शेतात जाऊन बसतं.

सर्वेक्षणाचे अधिकारी मुख्यतः बायबलमधली स्थळं शोधत होते. त्यांच्या वर्णनात अवशेषांना पानं मिळतात आणि गावाला काही ओळी. त्यांच्या नकाशावर एखादं घर नसणं हा ते घर नसल्याचा पुरावा नाही. १९५० च्या दशकातले इस्रायली नकाशेही मिळवा. ब्रिटिशांच्या जुन्या नकाशांवरच जांभळ्या शाईत नवी माहिती छापलेली असते आणि अनेक गावांच्या नावापुढे कंसात ‘हारुस’, म्हणजे उद्ध्वस्त, असं लिहिलेलं असतं. शासकीय नकाशानेच दिलेली ती नोंद आहे.

१९४८: एक तारीख पुरत नाही

सूच्यांमध्ये सफ्फूरियापुढे १५ किंवा १६ जुलै १९४८ असते. दोन्ही बरोबर आहेत, कारण गाव या दोन तारखांमधल्या रात्री पडलं. पहिला युद्धविराम संपल्यावर इस्रायली सैन्याने खालच्या गॅलिलीत ‘देकेल’ मोहीम उघडली. १५ जुलैच्या संध्याकाळी गावावर विमानांतून बॉम्ब पडले, रात्री सैन्य शिरलं आणि १६ तारखेला नाझरेथ गेलं. बहुतेक लोक उत्तरेला लेबनॉनकडे निघाले, काही नाझरेथला आणि शेजारच्या गावांत थांबले.

पण गाव ओस पडणं त्या रात्री पूर्ण झालं नाही. मागे राहिलेली वृद्ध माणसं होती, आणि पुढच्या महिन्यांत काही कुटुंबं लपतछपत घरी परतली. १९४९ च्या सुरुवातीपर्यंत ती काही शे झाली होती. त्यांनाही हलवून नाझरेथ, इलूत, रैने, कफ्र कन्ना अशा ठिकाणी पाठवलं गेलं. त्याच वर्षी मोशाव वसलं. १९५० च्या ‘गैरहजरांची मालमत्ता’ कायद्याने, इस्रायलचे नागरिक असून आपल्या गावापासून तासा-दीड तासाच्या पायवाटेवर राहणाऱ्यांचीही जमीन गेली. त्यांना ‘हजर-गैरहजर’ म्हटलं जातं. अरब नागरिकांवरचा लष्करी अंमल १९६६ पर्यंत होता आणि फिरण्यासाठी परवाने लागत. कवी ताहा मुहम्मद अली (१९३१-२०११) सफ्फूरियाचे. लेबनॉनला जाऊन वर्षभराने ते परतले आणि उरलेलं आयुष्य नाझरेथमध्ये राहिले. म्हणून तुमच्या तक्त्यात ‘गाव ओस पडल्याची तारीख’ हा एक रकाना पुरत नाही. ताबा, पलायन, परतणं, पुन्हा हकालपट्टी, घरं पाडणं, नवी वस्ती आणि मालकी हस्तांतर यांना सात वेगळे रकाने करा.

१९४८ मध्ये ओस पडलेल्या एकूण गावांच्या आकड्याबद्दलही हेच. पॅलेस्टिनी अभ्यासकांपैकी वालिद खालिदींची संख्या ४१८ आहे, सलमान अबू सित्तांची ५३१. दुसऱ्या यादीत नगरं आणि बेदुइन टोळ्यांच्या वस्त्याही मोजल्या आहेत. यांतला एक आकडा खोटा ठरवण्याआधी काय मोजलं ते बघा.

आठवणी कशा वापराव्यात

बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठाच्या मौखिक इतिहास संग्रहात लेबनॉनमधल्या छावण्यांतल्या अनेक मुलाखती ऐकायला मिळतात. माणसांना झरा कुठे होता, कुणाचं घर कुणाशेजारी होतं, डाळिंबाच्या बागा कोणत्या ओढ्याकाठी होत्या हे अचूक आठवतं. तारखा तितक्या आठवत नाहीत. म्हणून मुलाखतीतून आधी नकाशा काढा, तारखा नंतर जुळवा. जुळवायला हिजरी महिना फार कामाचा आहे. १३६७ चा रमजान जुलै १९४८ च्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला होता. ‘रोजा सोडायची वेळ होती’ असं कुणी सांगितलं तर ते १५ जुलैच्या संध्याकाळशी बसतं. अशा वाक्याला लष्करी अहवालाइतकंच गांभीर्याने तपासा. अहवालातही लिहिणाऱ्याचं हित असतं.

प्रत्यक्ष जागेवर

जाणं शक्य असेल तर हिवाळ्याच्या शेवटी जा. उन्हाळ्यात वाळलेलं गवत घरांच्या पायांच्या रेषा झाकतं आणि साप-विंचवांचा त्रास असतो. फड्या निवडुंगाच्या सरळ रांगा बघा. ती जुन्या वाड्यांची कुंपणं असतात आणि कापली तरी मुळातून पुन्हा फुटतात. अंजीर, डाळिंब आणि बदामाची झाडं एकत्र दिसली तर तिथे परसबाग असण्याची शक्यता मोठी. नंतर लावलेल्या पाइनच्या वनात दगडी बांधांचे टप्पे दिसले तर ते वनखात्याच्या लागवडीआधीचे असू शकतात, १९४४-४५ च्या छायाचित्राशी ताडून पाहा. प्रत्येक खुणेचा जीपीएस आकडा, दिशा आणि एक मोजपट्टी ठेवून काढलेलं छायाचित्र घ्या. दगड उचलू नका. कब्रस्तानात कबरीवरची नावं प्रसिद्ध करण्याआधी कुटुंबीयांना विचारा. मोशावच्या अंगणात विनापरवाना शिरू नका.

नाझरेथमध्ये ‘सफाफ्रा’ मोहल्ला आहे. तिथे सफ्फूरियाची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. टेकडी पाहून झाल्यावर नकाशाची छापील मोठी प्रत घेऊन तिथे जा आणि वडीलधाऱ्यांना त्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा. पेन्सिल त्यांच्या हातात द्या. तुम्ही लावलेल्या नावांतली कोणती चुकली हे तिथेच कळतं, आणि त्या दुरुस्त्या कुणी, कोणत्या दिवशी सांगितल्या हे नकाशाच्या मागे लिहून ठेवा. नाव द्यायचं की नाही हे सांगणाऱ्याला विचारूनच ठरवा.